बॅनर त्यांचा, बेंच आपला?

ताई, नमस्कार.

आम्ही न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत राहतो. मुलगा नववीत आहे, गावातल्याच सार्वजनिक हायस्कूलमध्ये. पाचवीपासून बास्केटबॉल खेळतो. उंची ५ फूट ९ इंच, पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढं नेऊन खेळ रचणारा. यंदा जेव्हीचे, म्हणजे शाळेच्या दुय्यम संघाचे, सगळे सामने खेळला आणि सीझन संपताना व्हार्सिटीच्या, म्हणजे मुख्य संघाच्या, बेंचवर बसायलाही बोलावलं होतं. फेब्रुवारीत काउंटी स्पर्धेत एका खाजगी कॅथलिक शाळेनं आमच्या शाळेला ३८ गुणांनी धुतलं. त्या रात्रीपासून घरात दुसरा विषय नाही. यांच्या मते मुलाला त्याच शाळेत घालायचं. “ते दरवर्षी नॉन-पब्लिक प्लेऑफमध्ये, खाजगी शाळांच्या बाद फेऱ्यांत, पुढं जातात, तिथं कॉलेजचे कोच येतात, तेंडुलकरनं नाही का शाळा बदलली?” शाळेबाहेर तो ज्या एएयू क्लबकडून खेळतो तिथले कोच म्हणतात, “त्या शाळेच्या लोकांशी मी बोलतो. नववी पुन्हा करू दे, वर्षभरात उंचीही वाढेल.” फी वर्षाला २२,००० डॉलर. धाकटी सहावीत आहे. सासूबाई साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर विचारतात, चर्चच्या शाळेत कशाला? आणि इकडे आमच्या शाळेच्या पालकांनी ‘खाजगी शाळांना काउंटी स्पर्धेतून काढा’ असा अर्ज फिरवलाय, त्यावर माझी सही हवी आहे. अर्जावर सही करायची आणि त्याच शाळेत मुलाला घालायचं, हे मला कसंतरीच वाटतं. मुलाला विचारलं तर म्हणतो, “तुम्ही ठरवा.” १५ तारखेच्या आत अनामत भरायची आहे. काय करू?

एक आई

अनामत आत्ता भरू नका. आणि नववी पुन्हा करायची गोष्ट तर डोक्यातून काढूनच टाका. तिथूनच सुरुवात करते, कारण तिथं माझ्या किंवा तुमच्या मिस्टरांच्या मताला काही किंमत नाही, सरळ नियम आहे.

न्यू जर्सीतल्या शालेय खेळांचा कारभार एनजेएसआयएए ही संघटना बघते, सार्वजनिक शाळांचाही आणि कॅथलिक हायस्कूलांचाही. तिचा नियम असा की मुलानं नववीत पाऊल ठेवलं की तिथून सलग आठ सत्रं खेळता येतं. म्हणजे चार वर्षं. मधलं एखादं वर्ष पुन्हा केलं तरी मोजणी चालूच राहते. तुमच्या मुलानं नववी परत केली तर तो बारावीत जाईल तेव्हा त्याची आठ सत्रं संपलेली असतील. ज्या वर्षी तो सगळ्यात उंच आणि सगळ्यात तयार असेल, नेमक्या त्याच वर्षी त्याला गॅलरीत बसून सामना बघावा लागेल. कॉलेजच्या बाजूनंही अडचणच. एनसीएए ही कॉलेजच्या खेळांची संघटना, तिच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये खेळायचं तर मुख्य विषयांचे १६ कोर्स लागतात, आणि ते नववीत शिरल्यापासून चार वर्षांत व्हायला लागतात.

क्लबचे कोच थापा मारताहेत असं मी म्हणत नाही. त्यांनी ऐकलेलं आहे ते दुसऱ्या दुनियेतलं. लॉरेन्सव्हिल, ब्लेअर, पेडी, हन या प्रेप, म्हणजे कॉलेजची तयारी करून घेणाऱ्या खाजगी शाळा एनजेएसआयएएच्या प्लेऑफमध्ये नसतात, त्यांच्या स्पर्धा वेगळ्या. तिथं वर्ष पुन्हा करून आलेली मुलं सर्रास असतात. तिथली वसतिगृहासकट फी एकदा वेबसाइटवर बघा, म्हणजे २२,००० डॉलर स्वस्त वाटायला लागतील. काही पालक मुलाला आठवीतच वर्षभर थांबवतात, नववीचं घड्याळ सुरू व्हायच्या आधी. ती वेळ तुमची निघून गेली, आणि मला विचाराल तर बरं झालं.

कोचसाहेबांचं दुसरं वाक्य मला जास्त खटकलं: “त्या शाळेच्या लोकांशी मी बोलतो.” खेळासाठी मुलं ओढून आणायला एनजेएसआयएएची बंदी आहे. खेळाडू म्हणून फी माफ करायलाही बंदी आहे, मदत मिळते ती घरचं उत्पन्न बघून. घर न बदलता शाळा बदलली की बदलीचे कागद होतात, आणि बदली खेळासाठी झाली असं दिसलं तर मुलाला काही काळ बाहेर बसावं लागू शकतं. हे नियम अधूनमधून बदलत असतात, म्हणून तुमच्या सध्याच्या शाळेच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरना आधी गाठा. मध्यस्थानं परस्पर केलेलं बोलणं पुढं कुणी उकरून काढलं तर त्याचा भुर्दंड मुलाला पडतो. कोचसाहेबांना सांगा, बोलायचं ते आम्ही प्रवेश विभागाशी बोलू. शिवाय त्या शाळेशी त्यांचा काय संबंध आहे, तेही सरळ विचारा. त्यांचे किती खेळाडू तिथं गेले आणि त्यातले किती खेळतात? चांगला माणूस असेल तर रागावणार नाही.

आता शाळा बदलण्याचं.

हायस्कूलचा सामना ३२ मिनिटांचा असतो, आठ-आठ मिनिटांचे चार क्वार्टर. कोर्टवर पाच जण. म्हणजे एका रात्रीत वाटायला कोचकडे एकूण १६० मिनिटं. संघात चौदा-पंधरा मुलं, पण मार्चपर्यंत टिकणाऱ्या शाळांचे कोच महत्त्वाच्या सामन्यात सात-आठ जणांवरच भागवतात. उरलेल्यांच्या वाट्याला काय येतं ते माझ्या भाच्यामुळे जवळून बघितलंय. तो असाच एका नामांकित संघात होता. बेंचच्या टोकाची खुर्ची त्याची. टाइमआउट झाला की उठून ती खुर्ची घामाघूम झालेल्या मुलाला द्यायची आणि मागं उभं राहून पाण्याच्या बाटल्या पुढं करायच्या. आपला संघ ३० गुणांनी पुढं असला की शेवटच्या दीड मिनिटात कोच बोट करायचे. मग घाईघाईनं वॉर्म-अपचा शर्ट काढायचा, तो हमखास डोक्यात अडकायचा, आणि गॅलरीतून मित्र त्याच्या नावाचा असा गजर करायचे की जणू त्यानंच सामना जिंकून दिला. माझा भाऊ म्हणायचा, “बघ, किती प्रेम करतात त्याच्यावर.” भाचा गाडीत बसला की कानाला हेडफोन लावायचा. त्याला कळत होतं तो गजर कसला आहे ते.

तुमचा मुलगा यंदा जेव्हीचे सगळे सामने खेळला. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं वाक्य हेच, आणि तुम्ही ते जाता जाता लिहून टाकलंय. पॉइंट गार्ड तयार होतो तो चेंडू हातात घेऊन, चुका करून, दोन मिनिटं राहिलेली असताना प्रेस, म्हणजे अंगावर येणारा बचाव, कसा फोडायचा हे शंभर वेळा चुकवून. सरावात हे सगळं होतं, नाही असं नाही, पण सामन्याची सर त्याला येत नाही.

तेंडुलकरचं उदाहरण मिस्टरांनी दिलं, ते मला आवडलं, फक्त ते नीट बघू या. सचिन वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून दादरच्या शारदाश्रमात गेला तो आचरेकर सरांच्या सांगण्यावरून, आणि त्यासाठी शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहिला. का गेला? त्याच्या आधीच्या शाळेत क्रिकेटला म्हणावा तसा वाव नव्हता. सर त्याला स्कूटरवर मागं बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, जास्तीत जास्त डाव खेळायला मिळावेत म्हणून. १९८८ साली हॅरिस शिल्डमध्ये त्यानं आणि विनोद कांबळीनं ६६४ धावांची भागी केली ती सर्वांना पाठ आहे. पण त्या भागीच्या आधी किती डाव खेळून झाले होते, ते बघा. शाळा बदलल्यानं त्याच्या बॅटला काम वाढलं. तुमच्या मुलाचं ते वाढणार असेल तर मीच म्हणेन, जा. कमी होणार असेल तर हे उदाहरण तुमच्या बाजूचं आहे, मिस्टरांच्या नाही.

“तिथं कॉलेजचे कोच येतात” हेही जरा तपासून घेऊ. अमेरिकेत पाच लाखांवर मुलं हायस्कूलमध्ये बास्केटबॉल खेळतात. त्यातली शंभरात तीन-चार एनसीएएच्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजात खेळतात, आणि पहिल्या डिव्हिजनपर्यंत पोचतं ते शंभरात जेमतेम एक. आता तर ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीमुळे, कॉलेजचे कोच एकवीस-बावीस वर्षांचे तयार खेळाडू दुसऱ्या कॉलेजातून उचलतात, बारावीच्या पोराची वाट कोण बघतो? आणि हे कोच मुलं हेरतात ती बरीचशी उन्हाळ्यात, एएयूच्या मोठ्या स्पर्धांत, जिथं एका छपराखाली वीस कोर्ट असतात आणि दोन दिवसांत शेकडो मुलं बघून होतात. मार्चमधल्या शालेय प्लेऑफची मजा वेगळी, त्याचा थरार वेगळा, पण कॉलेजच्या दृष्टीनं बाजार भरतो तो जुलैत. त्या बाजारात तुमचा मुलगा सध्याच्या शाळेत राहूनही जाऊ शकतो. जातोच आहे.

याचा मोठा दाखला न्यू जर्सीतच आहे. एनबीएतला नावाजलेला खेळाडू कायरी अर्व्हिंग दहावीनंतर शाळा बदलून एलिझाबेथच्या सेंट पॅट्रिकमध्ये गेला. त्याचं बारावीचं वर्ष, म्हणजे २००९-१० चा सीझन. त्या वर्षी सीझनबाहेर सराव घेतल्याबद्दल एनजेएसआयएएनं त्या शाळेला राज्य स्पर्धेतूनच बाहेर ठेवलं. ज्या प्लेऑफसाठी शाळा बदलावी तेच प्लेऑफ शेवटच्या वर्षी हातातून गेले. तो ड्यूक विद्यापीठात गेला आणि २०११ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, पहिला निवडला गेला, तो अडला नाही कारण तो कायरी अर्व्हिंग होता. पण त्याच बेंचवर बसलेल्या बाकीच्या मुलांनी काय केलं असेल? आणि ती शाळा? २०१२ मध्ये धर्मप्रांतानं ती बंद केली. नंतर पॅट्रिक स्कूल या नावानं ती स्वतंत्रपणे पुन्हा उभी राहिली ती तिथल्या लोकांच्या हिमतीवर.

जर्सी सिटीच्या सेंट अँथनीबद्दल तर मिस्टरांना माहीत असेलच. ती शाळा मला मनापासून आवडायची. स्वतःची धड जिम नाही, आणि त्यात बॉब हर्ली. हा माणूस पोटासाठी प्रोबेशन ऑफिसरची नोकरी करायचा आणि संध्याकाळी पोरांना घाम काढायला लावायचा. १९७२ पासून तो तिथं मुख्य कोच. शाळेची २८ राज्य अजिंक्यपदं, २०१० मध्ये हर्लींना बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा. न्यू जर्सीत १९८९ पासून सगळ्या गटांच्या विजेत्यांची एक ‘टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स’ व्हायची, तिच्यावर तर वर्षानुवर्षं या शाळेची छाप होती. गरीब घरातली मुलं, आणि त्यातली जवळजवळ सगळी कॉलेजात जायची. खाजगी शाळेच्या बास्केटबॉलमध्ये जे जे चांगलं असू शकतं ते सगळं तिथं होतं. तरी २०१७ मध्ये पैशांअभावी शाळेला कुलूप लागलं. जिंकण्यानं फी भरणारी मुलं वाढली नाहीत. हे सांगते ते घाबरवायला नाही. पण तीन वर्षांसाठी कुठल्या शाळेशी नातं जोडायचं तर तिचा पट किती, घटतोय का, कोच किती वर्षं टिकलेत, एवढं विचारायला काय हरकत आहे? जिममध्ये टांगलेल्या अजिंक्यपदांच्या बॅनरवर हे लिहिलेलं नसतं.

आता दुसरी बाजू, नाहीतर मिस्टर म्हणतील ताईंनी बाजू घेतली. तुमच्या शेजारच्या पिस्कॅटवेचा कार्ल-अँथनी टाउन्स मेटचनच्या सेंट जोसेफमध्ये शिकला आणि २०१५ च्या ड्राफ्टमध्ये पहिला आला. चांगल्या खाजगी शाळेत रोजचा सराव कठीण असतो, समोर रोज आपल्यापेक्षा सरस मुलगा उभा असतो, आणि काही मुलं त्यानंच उमलतात. वर्ग लहान असू शकतात, कोच अभ्यासावर डोळा ठेवतात, चौथा तास बुडवला तर संध्याकाळी जाब विचारतात. शाळा फक्त मुलग्यांची असेल तर तिथं काही मुलं मोकळी होतात, काही गुदमरतात. यातलं तुमच्या मुलाचं काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून खाजगी शाळेला माझा सरसकट नकार नाही. माझा नकार आहे तो ३८ गुणांच्या पराभवाच्या रागात, अनामतीच्या तारखेला घाबरून घेतलेल्या निर्णयाला.

पैशांचं मी थोडक्यात लिहिते, कारण हिशेब तुम्हीही केलाच असणार. तीन वर्षांची फी ६६,००० डॉलर, शिवाय दरवर्षी थोडी वाढते. देशातला सगळ्यात चढा मालमत्ता कर भरून तुम्ही ज्या शाळेचे पैसे आधीच दिलेत, तिच्याशेजारी हा खर्च. धाकटीनं उद्या म्हटलं, मला पण, तर? तिच्या ओरडण्याच्या आधी हे बोलून घ्या. आणि ही रक्कम ‘कॉलेजची शिष्यवृत्ती मिळून वसूल होईल’ या हिशेबात कुणी धरत असेल तर वर लिहिलेलं शंभरातलं एक पुन्हा वाचा. खरं सांगायचं तर आपल्या मुलांसाठी जास्त खरी वाट तिसऱ्या डिव्हिजनची आहे. तिथं खेळाची शिष्यवृत्ती नसते, पण एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स किंवा होबोकेनचं स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट इथलं बास्केटबॉल याच डिव्हिजनमध्ये आहे, आणि कोचनं प्रवेश समितीकडे शब्द टाकला तर तो ऐकला जातो. त्यासाठी हवेत चांगले मार्क आणि खेळ दाखवणारा व्हिडिओ. बेंचवरचा व्हिडिओ कुणी बघत नाही.

सासूबाईंचा प्रश्न सोपा आहे. त्यांना आठवण करून द्या की पुण्या-मुंबईत आपल्या किती घरांतली मुलं सेंट व्हिन्सेंट्ससारख्या पाद्र्यांच्या शाळांत शिकली, रोज प्रार्थना म्हटली, आणि घरी येऊन गणपतीच्या आरतीला टाळ वाजवले. इथल्या कॅथलिक हायस्कूलमध्ये धर्माचा विषय सगळ्यांना घ्यावा लागतो, प्रार्थनासभा असतात, हे खरं. धर्म बदलायला कुणी सांगत नाही. वर्गात भारतीय मुलंही दिसतील. तुम्हालाच याचा त्रास होणार असेल तर ती वेगळी गोष्ट, मग सासूबाईंच्या आडून बोलू नका.

अर्जाचं बोलू. तुमचा संकोच योग्य आहे, पण अर्जामागचा रागही अगदीच खोटा नाही. सार्वजनिक शाळेला गावाच्या हद्दीतलीच मुलं मिळतात. खाजगी शाळेला हद्द नसते, तीन गावांपलीकडून मुलगा आगगाडीनं येऊ शकतो. ही तफावत ओळखूनच न्यू जर्सीत राज्य स्पर्धेचे प्लेऑफ वेगळे ठेवलेत: सार्वजनिक शाळांचे पटसंख्येनुसार चार गट, खाजगी शाळांचे ए आणि बी असे दोन. टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्समध्ये सगळे एकत्र यायचे, तीही २०२२ नंतर बंद झाली, शेवटची रोझेल कॅथलिकनं कॅमडेनला हरवून जिंकली. दुसरीकडे बघाल तर पेनसिल्व्हेनियात सार्वजनिक आणि खाजगी एकाच प्लेऑफमध्ये खेळतात आणि दरवर्षी भांडतात. इलिनॉयनं खाजगी शाळांची पटसंख्या १.६५ नं गुणून त्यांना वरच्या गटात ढकलण्याचा तोडगा काढला. म्हणजे भांडण जुनं आहे, आणि कुणालाच ते पुरतं सुटलेलं नाही. काउंटी स्पर्धा मात्र मला एकत्रच बरी वाटते. शेजारच्या गावातल्या दांडग्या संघाशी वर्षातून एकदा भिडायचं, हरायचं, कधीतरी हरवायचं, याच्यासाठीच तर काउंटी स्पर्धा असते. आणि सार्वजनिक शाळाही अगदी सोवळ्या नाहीत. चुलतमामाच्या पत्त्यावर नाव घालून गाव बदलणारे खेळाडू काय फक्त आपल्याकडेच असतात?

मी तुमच्या जागी असते तर सही केली नसती. खाजगी शाळेत जायचंय म्हणून नाही, रागाच्या भरात मोठी माणसं मुलांच्या खेळातली भांडणं कुठवर नेतात ते बघून. मार्च २०२४ मध्ये मानास्क्वान आणि कॅमडेन या दोन सार्वजनिक शाळांच्या उपांत्य सामन्यात शेवटच्या क्षणीची बास्केट पंचांनी आधी धरली आणि मग रद्द केली. व्हिडिओत ती वेळेत सुटलेली दिसत होती. संघटनेनंही चूक मान्य केली, पण पंच बाहेर पडल्यावर निकाल बदलत नाही म्हणाली. शाळा कोर्टात गेली, कोर्टानंही हात घातला नाही. शाळकरी पोरांच्या सामन्यासाठी वकील! त्या मुलांवर अन्याय झाला, यात शंका नाही. पण आपल्या या वेडात सगळी मोठी माणसं सामील असतात, तेव्हा गॅलरीत बसून थोडं हळू ओरडलेलं बरं.

राहिला तुमचा मुलगा. “तुम्ही ठरवा,” म्हणाला तो. चौदा-पंधरा वर्षांचं पोर, आठवड्यातले सहा दिवस चेंडू आपटणारं, त्याला या विषयावर मत नसेल? मला तरी पटत नाही. बहुधा बाबांना काय हवंय ते त्याला कळलंय, आईला काय नकोय तेही कळलंय, आणि जेवणाच्या टेबलावर कुणाचंच मन मोडायचं नाहीये त्याला. त्या सामन्याच्या रात्री तो काय बोलला, हे तुमच्या पत्रात कुठंच नाही. यांनी काय ठरवलं ते आहे. कदाचित त्याला त्या हरण्याचं एवढं काही वाटलंही नसेल, तो तर बेंचवर होता. कदाचित उलट असेल, त्याला रोज त्या मुलांविरुद्ध खेळायची भूक लागली असेल आणि २२,००० च्या आकड्यानं तोंड बंद झालं असेल. दोन्हींपैकी काय ते समोरासमोर बसवून विचारलं तर कळणार नाही. सरावाहून येताना गाडीत विचारा, तुमचे डोळे रस्त्यावर आणि त्याचे खिडकीबाहेर असताना. ‘जायचंय का’ असं विचारू नका. ‘पुढच्या जानेवारीत तुला कुणाबरोबर खेळायला आवडेल’ असं विचारा, आणि मग सिग्नल सुटेपर्यंत गप्प बसा.

त्यानं जायचं म्हटलं तर मी हो म्हणेन, पण त्या शाळेच्या कोचकडून तीन गोष्टी ऐकल्यावरच. त्यांच्याकडे सध्या नववी-दहावीत किती पॉइंट गार्ड आहेत. गेल्या चार वर्षांत दहावीत बाहेरून आलेल्या मुलांपैकी किती बारावीपर्यंत संघात टिकले. आणि तुमच्या मुलाला पुढच्या वर्षी ते कुठं बघतात, जेव्हीत की व्हार्सिटीत, खेळताना की शिकताना. सरळ उत्तर देणारे कोच असतात. “आत्ता काही सांगता येत नाही, ट्रायआउटला बघू” हेही सरळ उत्तरच आहे, मला त्याचा राग नाही, पण त्यावर २२,००० डॉलर लावू नयेत. त्यानं नाही म्हटलं तर सध्याच्या शाळेत राहू दे, पुढच्या हिवाळ्यात तो व्हार्सिटीत खेळेल असं तुमच्या पत्रावरून दिसतंय. वाचलेल्या पैशातून उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा चांगल्या वैयक्तिक कोचकडे पाठवलंत तरी पुष्कळ उरेल.

मिस्टरांना हे उत्तर वाचायला द्या. त्यांचा मुलावर विश्वास आहे म्हणून ते हट्ट धरताहेत, एवढं मला दिसतंय. फक्त पुढच्या वेळी समोरच्या शाळेचे बॅनर मोजायच्या आधी त्यांच्या बेंचवरच्या मुलांचे चेहरे बघायला सांगा.

आणि १५ तारखेचं. प्रवेश विभागाला ईमेल करून आठवडाभराची मुदत मागा. कारण खरं ते लिहा, की निर्णय मुलाबरोबर घ्यायचा आहे. त्याच आठवड्यात त्याच्यासाठी एक शॅडो डे मागून घ्या, म्हणजे तो एक पूर्ण दिवस तिथल्या एखाद्या नववीतल्या मुलाबरोबर वर्गात बसेल, डबा खाईल, संध्याकाळी घरी येईल. त्यासाठी फोन प्रवेश विभागाला करायचा, बास्केटबॉलच्या कोचना नाही. त्या दिवशी त्याला सोडायला जाल तेव्हा गाडीतून उतरू नका, दोघांपैकी कुणीच.